भाव कोण सांगतो?

बेळगावहून वेंगुर्ल्याला जाणारा रस्ता हिंडलग्यातून जातो. पुढं सुळगा, उचगावचा फाटा, तुरमुरी, बाची अशी गावं लागतात आणि बाची मागं पडली की शिनोळी येतं, म्हणजे महाराष्ट्रातला चंदगड तालुका सुरू होतो. या पट्ट्यातली माती भाजीपाल्याला, बटाट्याला, रताळ्याला मानवते. त्यामुळं पहाटेपासून या रस्त्यानं भाजी शहराकडं चाललेली दिसते. कुणाची टेम्पोत, कुणाची दुचाकीमागं बांधलेल्या पोत्यात, तर कुणाची डोक्यावरच्या बुट्टीत.

रस्त्याकडेला बुट्टी मांडून बसलेल्या बाईशी गिऱ्हाइकाचं बोलणं साधारण असं होतं:

“मावशी, मेथी कशी दिलीस?”

“पंधराला पेंडी. दोन घे, पंचवीसला देते.”

“वीसला दोन दे की.”

“परवडत न्हाई बाई. पानं तरी बघ कशी हायत.”

या बोलण्यात ‘भाव’ हा शब्द एकदाही आला नाही. तरी सगळं बोलणं भावाचंच आहे. पहिला प्रश्न पुन्हा वाचा. मेथी अजून बुट्टीतच आहे, पण मराठी गिऱ्हाईक भूतकाळात विचारतं: कशी ‘दिलीस’? कांदे कसे दिले, आंबे कसे दिले. जणू आधी कुणाला तरी दिलेली आहे आणि त्याच भावानं मला दे, असं त्या क्रियापदातूनच सुचवलं जातं. मावशी उत्तर देते ते मात्र ठाम असतं. पंधरा म्हणजे पंधरा. तिच्या मालाचा भाव ती सांगते.

आता त्याच घरातलं दुसरं माणूस पाहू. मावशीचा नवरा त्याच पहाटे कोबीची पोती घेऊन घाऊक बाजारात गेलेला असतो. बेळगावचा घाऊक भाजीबाजार कित्येक वर्षं किल्ल्याजवळच्या कॅम्प भागात भरत असे. २०१९ साली तो बाजार समितीच्या आवारात गेला आणि पुढं खाजगी घाऊक बाजारही उभा राहिला. बाजार कुठंही असो, पोती उतरवून घेतल्यावर तो माणूस अडत्याला जो प्रश्न विचारतो तो बदललेला नाही: “आज काय भाव?”

माल त्याचा, जमीन त्याची, राबणं त्याचं, आणि भाव तो दुसऱ्याला विचारतो. एकाच शेतातली मेथी विकताना बायको भाव सांगते आणि कोबी विकताना नवरा भाव विचारतो. ‘भाव’ या शब्दाचे सगळे अर्थ, त्याची सगळी क्रियापदं, आणि महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागाच्या इतिहासातला एक मोठा लढाही या फरकाशी बांधलेला आहे. म्हणून या प्रकरणात हा शब्द नीट उलगडून पाहू.

असणं, वाटणं आणि विकणं

‘भाव’ हा संस्कृत शब्द ‘भू’ या धातूपासून आला. भू म्हणजे होणं, असणं. म्हणून भाव म्हणजे मुळात असणं, अवस्था. पुढं तो मनाच्या अवस्थेसाठी वापरला जाऊ लागला आणि त्यातून भावना, भाविक, भक्तिभाव, मनोभावे हे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आले. स्वतःचं जे असणं तो स्वभाव, आणि नसणं तो अभाव. ज्ञानेश्वरीचं मूळ नाव ‘भावार्थदीपिका’. तिथं भाव म्हणजे शब्दांच्या पोटातला आशय. ‘भाव तिथे देव’ ही म्हण तर शाळेत न गेलेल्या आजीच्याही तोंडी असते.

हाच शब्द बाजारात आला तो मराठीबरोबर हिंदीत आणि गुजरातीतही. असण्याचा शब्द विकण्याला का लागला, याचा अर्थ असा लावता येतो: मालाची बाजारातली त्या घडीची अवस्था म्हणजे भाव. मनाचा भाव जसा घटकेत पालटतो तसा बाजाराचाही पालटतो. सकाळी सातचा कोबी आणि सकाळी दहाचा कोबी एकाच शेतातला असला तरी दोघांची बाजारातली अवस्था वेगळी असते. आणखी एक गोष्ट या दोन अर्थांना जोडते. बाजारात मालाचा अभाव झाला की भाव वाढतो. पुरवठा आणि मागणीचा जो धडा अर्थशास्त्राच्या पुस्तकात पानंच्या पानं घेतो, तो या दोन शब्दांच्या जोडीत मावला आहे.

सीमाभागात या शब्दाला शेजारही मिळाला आहे. कोल्हापूर-निपाणीकडं मित्राला हाक मारतात ती ‘भावा’ अशी. हा भाव ‘भाऊ’चा, संस्कृत ‘भ्रातृ’ शब्दाचा वंशज. ‘भावकी’ आणि ‘भाऊबंद’ही त्याच घरातले. बाजारातल्या भावाशी त्याचं रक्ताचं नातं नाही. त्यामुळं “भावा, भाव काय?” या वाक्यात दोन वेगळ्या घराण्यांतले शब्द शेजारी येऊन बसतात. कन्नडमध्ये ‘भाव’ म्हणजे भावना, शिवाय थोरल्या बहिणीचा नवराही. पण मालाचा भाव विचारताना कन्नड माणूस हा शब्द वापरत नाही. तो म्हणतो ‘बेले’ किंवा ‘दर’, आणि घाईत असला तर नुसतं ‘एष्टु री?’, म्हणजे ‘किती हो?’

बेळगावची भाजी गोव्याला जाते. एखादा टेम्पो भरताना शेतकरी मराठीत भाव बोलतो, व्यापारी कन्नडमध्ये दर सांगतो, आणि गोव्यात उतरल्यावर कोंकणी गिऱ्हाईक ‘मोल’ विचारतं. ढबू मिरची तीच असते. हिंडलग्याच्या रस्त्यावर बसणाऱ्या बाईला हे तिन्ही शब्द कळतात, आणि हत्तु, इप्पत्तु, ऐवत्तु हे कन्नड आकडेही ती सहज मोजते. पोट भरण्यासाठी शिकलेली भाषा पक्की बसते.

पाच शब्द, पाच कामं

मराठीत भाव, दर, किंमत, मोल आणि दाम हे पाच शब्द एकाच अर्थाचे वाटतात. पण मराठी कानाला त्यांतला फरक आपोआप कळतो.

शर्टाला किंमत असते, टोमॅटोला भाव असतो. ‘टोमॅटोची किंमत काय?’ हे वाक्य चुकीचं नाही, पण बाजारात कुणी तसं बोलत नाही. ‘शर्टाचा भाव काय?’ असं तर कुणीच म्हणत नाही. किंमत हा अरबीतून फारसीमार्गे आलेला शब्द एकेका वस्तूला चिकटतो आणि चिकटला की बराच काळ तिथंच राहतो. भाव हा मोजून-मापून विकल्या जाणाऱ्या आणि रोज हलणाऱ्या मालाचा असतो. सोन्याचा भाव आणि दागिन्याची किंमत असं आपण म्हणतो ते याचसाठी. पाकिटबंद मालावर जी छापलेली असते तिला आपण भाव म्हणत नाही, कमाल किरकोळ किंमत म्हणतो. सर्व करांसह ती पाकिटावर छापण्याची सक्ती १९९० साली आली. तिच्यातला ‘कमाल’ हा शब्द ग्राहकानं लक्षात ठेवावा असा आहे. छापलेल्या आकड्यापेक्षा कमी घ्यायला दुकानदाराला मोकळीक आहे, जास्त घ्यायला नाही.

दर म्हणजे एका मापाला किती, याचा हिशेब. म्हणून व्याजाला दर असतो, मजुरीला दर असतो, मृत्यूलाही दर असतो. यांना कुणी भाव म्हणत नाही. सीमाभागात उसाच्या बाबतीत मात्र ‘ऊसदर’ हाच शब्द रुळला, कारण तो टनाला किती हे एकदा ठरतं आणि हंगामभर टिकतं.

मोल हे संस्कृत ‘मूल्य’ शब्दाचं घरगुती रूप. त्यात पैशापलीकडचं काही मिसळलेलं असतं. मोलमजुरी आणि मोलकरीण या शब्दांत ते कष्टाचं मोल आहे, अनमोल या शब्दात ते पैशात न बसणारं आहे, आणि मातीमोल या शब्दात ते संपलेलं आहे.

दाम हा शब्द सगळ्यांत लांबून आला. ग्रीकांच्या ‘द्राख्मे’ या नाण्याचं संस्कृतात ‘द्रम्म’ झालं आणि त्याचं पुढं ‘दाम’. म्हणून दाम म्हणजे हातात पडलेला पैसा. दामदुप्पट, छदाम, ‘दाम करी काम’ या सगळ्यांत रोकडा वाजतो.

या पाचांत भावाचं वेगळेपण काय? किंमत वस्तूवर छापता येते, दर कागदावर लिहिता येतो, मोल मनात ठेवता येतं, दाम खिशात ठेवता येतो. भाव मात्र दोन माणसांच्या मधे असतो. एक सांगतो, दुसरा मागतो, आणि मधे कुठं तरी तो ठरतो. दोघांपैकी एकाला बोलायची ताकद नसेल तर जे उरतं ती दुसऱ्याची मर्जी.

भावाची क्रियापदं

एखाद्या शब्दाचा स्वभाव ओळखायचा तर त्याच्याबरोबर कोणती क्रियापदं येतात ते पाहावं. भावाचा गोतावळा या बाबतीत मोठा आहे.

विकणारा भाव सांगतो. घेणारा मागतो. जनावरांच्या बाजारात ‘बैल कितीला मागितला?’ असं विचारलं तर त्याचा अर्थ, गिऱ्हाइकानं किती रुपये देऊ केले. सांगणं आणि मागणं यांच्यातलं अंतर कमी करण्याला भाव करणं किंवा भावताव म्हणतात. ओळखीचा दुकानदार भाव लावतो. “आम्हांला जरा बरा लावा” ही विनवणी त्यातूनच आली. या सगळ्या क्रियापदांना कर्ता आहे. कुणी तरी काही तरी करतं आहे.

आता शेतकऱ्याच्या तोंडची वाक्यं ऐका. ‘यंदा भाव मिळाला.’ ‘भाव आला न्हाई.’ ‘भाव पडला.’ ‘कोसळला.’ ‘दर फुटला.’ शेवटचं क्रियापद हंगामाच्या पहिल्या सौद्यासाठी वापरतात. कापसाचा, गुळाचा, उसाचा पहिला भाव बाहेर पडला की तो फुटला. या वाक्यांत कर्ता दिसत नाही. पाऊस पडावा तसा भाव पडतो, ढग यावा तसा तो येतो. शेतकऱ्यानं भाव ‘केला’ किंवा ‘लावला’ असं वाक्य बोलीत जवळजवळ नाहीच. मात्र ‘व्यापाऱ्यांनी भाव पाडला’ असं वाक्य आहे. पडणं आणि पाडणं यांत एका कान्याइतकाच फरक, पण पाडणं म्हटलं की हात दिसतो.

माणसांच्या जगातही भाव असाच वावरतो. कुणाला भाव देणं म्हणजे त्याची दखल घेणं. ‘त्याला कोण भाव देतंय?’ म्हणजे त्याच्याकडं कुणी ढुंकूनही पाहत नाही. जो आपल्याला हवा आहे हे ओळखून मुद्दाम अडून राहतो तो भाव खातो. एखाद्या कार्यक्रमात साऱ्यांचं लक्ष वेधून घेणारा भाव खाऊन जातो. या वाक्प्रचारांतला भाव पैशाचा नाही, तरी बाजारातला त्याचा नियम इथंही लागू आहे. ज्याची गरज दुसऱ्याला आहे त्याचा भाव वाढतो, आणि ज्याला स्वतःची गरज लपवता येत नाही त्याचा उतरतो. दुपारी उन्हात कोमेजत चाललेल्या कोथिंबिरीच्या मालकाला आपली गरज लपवता येत नाही. घाऊक बाजारात पोती उतरवलेल्या माणसालाही नाही, कारण कोबी परत घरी न्यायचा तर भाडं पुन्हा भरावं लागतं.

रुमालाखालचा भाव

भाव कोण सांगतो, हा प्रश्न कायद्यापर्यंत पोचायलाही बराच काळ लागला. पूर्वी घाऊक बाजारात ‘हत्ता’ नावाची पद्धत होती. घेणारा व्यापारी आणि अडत्या एकमेकांचे हात रुमालाखाली किंवा उपरण्याखाली धरत आणि बोटं दाबून आकडे बोलत. कोणतं बोट किती वेळा दाबलं, यावर भाव ठरे. माल ज्याचा, तो शेतकरी दोन हातांवर उभा असे. त्याला रुमाल दिसे, रुमालाखालचं बोलणं कळत नसे. सौदा झाल्यावर जो आकडा सांगितला जाई तो त्यानं मान्य करायचा.

शेतमालाच्या बाजाराला नियम लावण्याची भारतातली सुरुवात मराठी मुलखातच झाली. वऱ्हाडातल्या कारंजा इथं १८८६ साली कापसाचा पहिला नियंत्रित बाजार उभा राहिला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. मुंबई प्रांतात शेतमाल बाजाराचा कायदा १९३९ साली झाला. बेळगाव जिल्हा तेव्हा मुंबई प्रांतातच होता. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला. पुढं महाराष्ट्रानं १९६३ साली आणि आजच्या कर्नाटकानं १९६६ साली आपापले बाजार समिती कायदे केले. या सगळ्यांतून उघड लिलावाची रीत रुजली.

कोल्हापूरचे गुळाचे सौदे ज्यांनी पाहिले असतील त्यांना उघड लिलावाचा फरक सांगावा लागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली वसवलेल्या शाहूपुरीनं कोल्हापूरला गुळाची मोठी पेठ बनवलं. तीस किलोच्या रव्यांची रास लागलेली असते, भोवती व्यापारी उभे असतात, आणि आकडे मोठ्यानं चढत जातात. शेतकरी तिथं उभा राहून आपल्या गुळाचा भाव ऐकतो.

रुमाल दूर झाला ही मोठी गोष्ट होती. भाव लपलेला होता तो ऐकू येऊ लागला. तरीही शेतकरी ऐकणाराच राहिला. बोलणारे इतर होते.

निपाणीचे चोवीस दिवस

हिंडलग्याहून निपाणीला जायचं तर आधी बेळगावात येऊन पुणे-बंगळूर महामार्ग धरायचा. साधारण ऐंशी किलोमीटर उत्तरेला निपाणी लागतं, महाराष्ट्राच्या हद्दीला अगदी खेटून. या भागाचं नाव झालं ते विडीच्या तंबाखूनं. तंबाखूच्या वखारी, त्यांत राबणाऱ्या हजारो बायका आणि घरोघर विड्या वळणारे हात यांवर हे गाव मोठं झालं.

तंबाखू हे पीक भावाच्या दृष्टीनं विशेष अडचणीचं. जोंधळ्याला भाव आला नाही तर तो कणगीत ठेवता येतो, घरी खाता येतो, कडबा जनावरांना घालता येतो. कोबी पडून राहिला तर सडतो, पण निदान गायीपुढं टाकता येतो. तंबाखू शेतकऱ्याच्या घरी शिजत नाही आणि जनावरही त्याला तोंड लावत नाही. तो विकायलाच हवा, आणि विकत घेणारे मोजके व्यापारी. माल आधी वखारीत जायचा, वजनातून सूट धरली जायची आणि पैसे मागाहून, हप्त्याहप्त्यानं यायचे. घेणारे थोडे आणि विकणारे असंख्य असले की भाव कोण सांगणार, हे आधीच ठरलेलं असतं.

निपाणीत ही स्थिती असताना महाराष्ट्रात एक माणूस ‘भाव’ या एका शब्दावर संघटना उभी करत होता. शरद जोशी हे स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथं जागतिक टपाल संघाच्या कचेरीत अधिकारी होते. ती नोकरी सोडून ते परतले आणि पुणे जिल्ह्यात चाकणजवळ आंबेठाण इथं कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. स्वतःच्या शेतीचा हिशेब मांडल्यावर त्यांना दिसलं की पीक चांगलं येऊनही शेतकरी तोट्यात जातो, कारण पिकवण्याचा खर्चसुद्धा भावातून निघत नाही. त्यांच्या शेतकरी संघटनेचा कार्यक्रम एका ओळीचा होता: शेतमालाला रास्त भाव. सूट, सवलत, कर्जमाफी या मागण्यांपेक्षा ही मागणी वेगळी होती. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेत तो फरक नेमका आला आहे. भीक मिळते, दाम मोजून घ्यायचा असतो.

चाकणचा कांदा आणि १९८० सालचं नाशिक भागातलं ऊस-कांद्याचं आंदोलन यांच्यानंतर १९८१ साली ही मागणी निपाणीला पोचली. तिथं प्रा. सुभाष जोशी वखारीतल्या तंबाखू कामगार महिलांमध्ये काम करत होते. तंबाखू पिकवणारे आणि वखारीत तो निवडणाऱ्या बायका ही एकाच धंद्याची दोन टोकं, आणि दोन्ही टोकांना भाव दुसरंच कुणी सांगत होतं. मार्चच्या मध्यावर शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर येऊन बसले. बैलगाड्या आल्या, बायका-पोरं आली, चुली पेटल्या. रस्त्यावरच वस्ती झाली आणि तिला आंदोलननगर हे नाव मिळालं. सीमेच्या दोन्ही बाजूंचे, मराठी बोलणारे आणि कन्नड बोलणारे शेतकरी तिथं शेजारी शेजारी बसले. भाषेचा वाद ज्या मुलखात घरोघर पोचलेला, त्या मुलखात भावाच्या प्रश्नानं दोन भाषांची माणसं एका रस्त्यावर आणली.

चोवीस दिवस रस्ता अडला होता. ६ एप्रिल १९८१ ला पोलिसांनी गोळीबार केला आणि बारा शेतकरी प्राणाला मुकले. आर. गुंडूराव तेव्हा कर्नाटकाचे मुख्यमंत्री होते.

हा लढा तंबाखूचा म्हणून सांगितला जातो आणि तो तसा होताच. पण शब्दाच्या बाजूनं पाहिलं तर तिथं एक वेगळी गोष्ट घडली. जे पिढ्यान्‌पिढ्या ‘काय भाव?’ विचारत आले होते, त्यांनी पहिल्यांदा एकत्र बसून आपल्या मालाचा भाव सांगितला. हत्त्याच्या काळात शेतकऱ्याचा भाव लपलेला होता, लिलावानं तो ऐकू आला, आणि निपाणीच्या रस्त्यावर शेतकऱ्यानं तो स्वतः उच्चारला. त्या उच्चाराची बारा घरांनी दिलेली किंमत कुठल्याही बाजारात भरून निघणारी नाही.

हमी कुणाला?

सरकार जो भाव सांगतं त्याला आपण हमीभाव म्हणतो. शेतमालाच्या किमतींची शिफारस करणारा आयोग केंद्र सरकारनं १९६५ साली नेमला. गव्हाच्या हमीभावानं सुरुवात झाली आणि आज केंद्र सरकार २२ पिकांची किमान आधारभूत किंमत जाहीर करतं: खरिपाची १४, रब्बीची ६, शिवाय ताग आणि खोबरं. सरकारी कागदावर शब्द ‘किंमत’ आहे, गावात मात्र तिला ‘भाव’ म्हणतात, आणि गावाचा शब्द जास्त खरा आहे. कारण आधारभूत किंमत जाहीर झाली तरी खाजगी व्यापाऱ्यानं तेवढ्यालाच घ्यावं, असं देशभर बंधन घालणारा कायदा नाही. बाजारात जो ठरेल तो भावच.

या यादीत हिंडलग्याचा कोबी नाही, चंदगडचं रताळं नाही, बटाटा नाही. निपाणीचा तंबाखूही नाही. तंबाखूसाठी १९७५ चा कायदा आहे आणि गुंटूरला तंबाखू मंडळ आहे. म्हैसूरकडचा व्हर्जिनिया तंबाखू त्या मंडळाच्या लिलावात विकला जातो. विडीच्या तंबाखूला ती सोय नाही.

उसाची गोष्ट वेगळी आहे. उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, ज्याला सगळे ‘एफआरपी’ म्हणतात, तो कायद्यानं बंधनकारक आहे आणि ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम आहे. कोल्हापूर-बेळगाव पट्ट्यात हंगामाच्या तोंडावर ‘पहिली उचल किती?’ हा प्रश्न गाजतो. पहिली उचल म्हणजे उसाच्या दराचा पहिला हप्ता. राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेची ऊस परिषद जयसिंगपूरला भरते ती हंगाम सुरू होण्याआधी, आणि तिथं शेतकरी उचलीचा आकडा जाहीर करतात. कारखान्यानं सांगण्याआधी आपण सांगायचं, ही निपाणीची रीत तिथं टिकून आहे. ऊसवाल्याला हे जमलं याचं कारण ऊस लाखो लोकांचा, कारखाना जवळचा आणि नियम लिहिलेला. भाजीवाल्याकडं यांतलं एकही नाही.

त्याच्याकडं आता निदान फोन आहे. कर्नाटकानं २०१४ साली राज्यातल्या बाजार समित्या संगणकानं जोडायला सुरुवात केली आणि केंद्राचा ‘ई-नाम’ बाजार १४ एप्रिल २०१६ ला सुरू झाला. पूर्वी शेतकरी पोती उतरवून मग भाव विचारत असे. आता घरून निघण्याआधी आसपासच्या बाजारांचे भाव पाहता येतात. शेवटचा शब्द अजूनही घेणाऱ्याचाच असला, तरी ज्याला चार बाजारांचे आकडे ठाऊक आहेत त्याला एका बाजारात फसवणं अवघड जातं.

वाचकानं इथं काय करावं, असं कुणी विचारेल. वर्तमानपत्रात ‘बाजारभाव’ नावाचा रकाना असतो. बहुतेक जण तो ओलांडून पुढं जातात. तो रोज वाचावा. घाऊक भाजीचा भाव बेळगावात आणि कोल्हापुरात दहा किलोचा देतात, आपण घेतो ती पाव किलोनं. दोन्ही आकडे एका मापावर आणून पाहिले की शेतातून ताटापर्यंत किती कुणाला मिळालं, हे घरबसल्या कळतं. त्या हिशेबात हमाली, भाडं, नासधूस, दुकानाचं भाडं हे खरे खर्चही असतात, तेही समजून घ्यावेत. एवढं केल्यावर पंचवीस रुपयांच्या मेथीवर पाच रुपये कमी करायला लावणारी आपली जीभ कुठं वापरायची आणि कुठं आवरायची, हे कळू लागतं. मॉलमधल्या पाकिटावर छापलेली किंमत आपण मुकाट्यानं भरतो आणि रस्त्याकडेच्या बुट्टीपुढं बसून घासाघीस करतो. ‘कमाल’ हा शब्द पाकिटावर लिहिलेला असतो, बुट्टीवर नाही.

हिंडलग्याच्या रस्त्यावर मावशी ‘पंधराला पेंडी’ म्हणते तेव्हा ती साऱ्या शेतीतली एक दुर्मीळ गोष्ट करत असते: आपण पिकवलेल्या मालाचा भाव ती आपल्या तोंडानं सांगते. पुढच्या वेळी तो भाव ऐकाल तेव्हा आधी तिचं बोलणं पुरतं ऐका, आणि परवडत असेल तर सांगितल्या भावानं घ्या.